प्रा. मधु दंडवते : चोख हिशेबाचे सार्वजनिक जीवन

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी प्रशासनाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रशासनाच्या वतीने चार शब्द बोलण्याचा आपल्या संस्थेत प्रघात आहे. एरवी आम्ही या वेळी वर्षाचा जमाखर्च आपल्यापुढे ठेवतो. तो यंदाही अहवालाच्या पुढील पृष्ठांवर सविस्तर दिलेला आहे. आज मात्र एका व्यक्तीविषयी बोलण्याची अनुज्ञा आम्ही अध्यक्षांकडे मागितली व त्यांनी ती दिली. ही व्यक्ती म्हणजे लोकसभेचे माजी सदस्य, माजी रेल्वेमंत्री व माजी अर्थमंत्री प्रा. मधु दंडवते.

हा विषय ठरला तेव्हा एका विश्वस्तांनी विचारले, "रुग्णालयाच्या व्यासपीठावर राजकारणी माणूस कशाला?" प्रश्न रास्त होता. आपली संस्था पक्षीय राजकारणापासून कटाक्षाने दूर राहिलेली आहे आणि यापुढेही राहील. तरीही या एका लोकप्रतिनिधीच्या आयुष्यात आपल्या रुग्णालयाने शिकाव्यात अशा दोन गोष्टी आहेत. एक आहे गादीची आणि दुसरी देहाची. दोन्ही गोष्टींत आम्ही कमी पडलो, म्हणूनच त्या आज सांगावयाच्या आहेत.

प्रा. दंडवते यांचा जन्म २१ जानेवारी १९२४ रोजी अहमदनगर येथे झाला. पदार्थविज्ञान हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे तो शिकविला. १९४२ च्या 'छोडो भारत' आंदोलनाने त्यांना सार्वजनिक जीवनात ओढले आणि समाजवादी विचार त्यांनी जन्मभरासाठी स्वीकारला. १९५५ च्या गोवा मुक्ती सत्याग्रहात त्यांनी सत्याग्रहींच्या तुकडीचे नेतृत्व केले. पुढे काही काळ ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य होते.

१८ जानेवारी १९७१ रोजी राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै यांचे अकाली निधन झाले. कोकणाने घरचे माणूस गमावले अशीच तेव्हा सर्वांची भावना होती. त्यांच्यानंतर त्या मतदारसंघात उभे राहणे सोपे नव्हते. त्याच वर्षीच्या निवडणुकीत राजापूरने दंडवते यांना निवडून दिले. त्यानंतर १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ अशा चारही निवडणुकांत त्याच मतदारसंघाने त्यांना पुन्हा दिल्लीस पाठविले. मूळचे नगरचे आणि नोकरीने मुंबईचे असलेले हे प्राध्यापक वीस वर्षे कोकणाचे प्रतिनिधी राहिले, हे येथे बसलेल्या ज्येष्ठांना सांगण्याची आवश्यकता नाही.

आणीबाणी जाहीर झाली तेव्हा संसदीय समितीच्या कामासाठी ते बंगळूर येथे होते. २६ जून १९७५ रोजी तेथेच श्री. अटलबिहारी वाजपेयी व श्री. लालकृष्ण अडवाणी यांच्याबरोबर त्यांना अटक झाली. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई याही कार्यकर्त्या होत्या व पुढे १९८० मध्ये त्या स्वतः लोकसभेवर निवडून आल्या. आणीबाणीत त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवण्यात आले. पती बंगळूरच्या तुरुंगात आणि पत्नी पुण्याच्या, अशा स्थितीत दोघांचा संसार पत्रांतून चालला होता.

१९७७ च्या मार्च महिन्यात सत्तांतर झाले आणि कालचा कैदी देशाचा रेल्वेमंत्री झाला. १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात ज्या कामगारांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, त्यांना परत कामावर घेण्याचा निर्णय त्यांनी केला. आरक्षणाच्या कामात संगणक आणण्याच्या दिशेने पहिली पावलेही त्यांच्याच कारकिर्दीत पडली. परंतु आज आम्हांस सांगावयाची आहे ती पहिली गोष्ट, गादीची.

रेल्वेतील तिसरा वर्ग १९७४ मध्ये रद्द झाला. रद्द झाला म्हणजे काय झाले? डब्यावरील पाटी बदलली आणि तिसऱ्याचा दुसरा वर्ग झाला. आतील फळ्या मात्र लाकडाच्याच राहिल्या. मुंबईहून कलकत्त्यास निघालेला माणूस दोन रात्री उघड्या फळीवर काढीत असे. ज्याच्याजवळ वळकटी होती तो ती पसरी आणि ज्याच्याजवळ नव्हती तो तसाच पडे. दंडवते यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीची फोमची गादी बसविण्याचा निर्णय घेतला. पहिल्या वर्गाची सोय काढून समता आणावयाची नाही, दुसऱ्या वर्गाची पातळी उंचवावयाची, अशी त्यांची भूमिका होती. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा या मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. तीत वर्गांची उतरंड नव्हती, सर्व प्रवाशांना एकच वर्ग होता. पुढे हळूहळू देशभरातील गाड्यांच्या शयनयानांत गाद्या आल्या. आज कोणीही त्यावर पाठ टेकताना मंत्र्याचे नाव आठवत नाही, आणि खऱ्या सुधारणेची खूणही तीच असावी.

आता आपल्या रुग्णालयाकडे वळू. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ च्या आदेशाने धर्मादाय रुग्णालयांसाठी एक योजना लागू झाली. तीनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. हा हिशेब आम्ही काटेकोरपणे ठेवतो. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या विवरणपत्रांत खाटांची संख्या अचूक असते. त्या खाटेवरील गादी कशी आहे, असा रकाना मात्र कोणत्याही विवरणपत्रात नाही.

गेल्या पावसाळ्यात सामान्य कक्षातील एका वृद्ध रुग्णाच्या मुलीने आम्हांस कक्षात बोलावून नेले. तिने तक्रार केली नाही. वडिलांच्या अंगाखालची चादर तिने फक्त बाजूला केली. गादीच्या मध्यभागी कापूस दुभंगला होता आणि खालचे लोखंडी पट्टे हाताला लागत होते. विवरणपत्रात ती खाट आम्ही दरवर्षी मोजत आलो होतो. आपला सामान्य कक्षही पाटी बदललेल्या तिसऱ्या वर्गासारखाच होता, हे त्या दिवशी आमच्या ध्यानात आले.

असे का होते, याचेही उत्तर जमाखर्चातच आहे. देणगीदार उदारपणे देतात, यात शंका नाही. परंतु देणगी बहुधा खोलीसाठी, यंत्रासाठी अथवा इमारतीच्या मजल्यासाठी येते. तेथे नावाची पाटी लावता येते, गादीवर पाटी लावता येत नाही. हा दोष देणगीदारांचा नाही. आम्हीच त्यांच्यापुढे नेहमी यंत्रांची यादी ठेवली, गाद्यांची कधी ठेवली नाही. विश्वस्त मंडळाने यंदा विशेष खोल्यांच्या वातानुकूलनाचे काम एक वर्ष पुढे ढकलून सामान्य कक्षातील सर्व गाद्या बदलण्यास मान्यता दिली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. विशेष खोल्या बंद झालेल्या नाहीत, त्यांच्या उत्पन्नावर संस्थेचा बराचसा गाडा चालतो. सामान्य कक्ष तेवढा थोडा वर आला आहे.

दुसऱ्या गोष्टीकडे जाण्यापूर्वी रेल्वेविषयी आणखी थोडे सांगणे क्रमप्राप्त आहे, कारण आपल्या रुग्णांचा तिच्याशी रोजचा संबंध आहे. कोकणात रेल्वे यावी यासाठी अ. ब. वालावलकर यांच्यासारख्यांनी आयुष्य वेचले आणि नाथ पै यांनी संसदेत आवाज उठविला. दंडवते रेल्वेमंत्री असताना आपटा-रोहा मार्ग मार्गी लागला आणि १९८६ मध्ये गाडी रोह्यापर्यंत पोहोचली. रोह्याच्या पुढे मात्र डोंगर, खाड्या आणि पैशाचा प्रश्न आडवा होता.

१९८९ च्या डिसेंबरात श्री. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार आले. त्यात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले आणि दंडवते अर्थमंत्री. १९ जुलै १९९० रोजी कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. श्री. ई. श्रीधरन यांच्याकडे तिची धुरा आली. भांडवलाची रचना वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यास शिकवावी अशी होती. ५१ टक्के वाटा रेल्वेचा, २२ टक्के महाराष्ट्राचा, १५ टक्के कर्नाटकाचा आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. उरलेला बराचसा पैसा रोख्यांद्वारे जनतेकडून उभारण्यात आला. सरकारी तिजोरीत एकरकमी पैसा नाही म्हणून काम थांबवावयाचे नाही, ज्यांना लाभ होणार त्या सर्वांनी आपापला वाटा उचलावयाचा, असे हे सूत्र होते. धर्मादाय संस्थाही याच सूत्रावर चालतात. १९९८ च्या जानेवारी महिन्यात हा मार्ग पूर्णत्वाने खुला झाला.

तत्पूर्वी आपल्या भागातून मुंबईस टाटा रुग्णालयात पाठवावयाचा कर्करोगाचा रुग्ण एस.टी.च्या बाकावर बसून रात्रभर महामार्गाचे खड्डे सोशीत असे. आज तो गाडीत आडवा होऊन जातो, आणि त्याच्या पाठीखाली गादी असते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णांना प्रवासभाड्यात सवलत मिळते. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र आमच्या कार्यालयाकडून भरून घ्यावे, ही या निमित्ताने नातेवाइकांना विनंती.

अर्थमंत्री म्हणून त्यांना एकच अर्थसंकल्प मांडता आला, तो १९९०-९१ चा. त्यात त्यांनी सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याचे जाहीर केले. याच अर्थसंकल्पाच्या काळात शेतकरी व ग्रामीण कारागिरांच्या दहा हजार रुपयांपर्यंतच्या थकीत कर्जांना माफी देणारी योजना आली. ज्यांचा व्यवसाय हिशेबाचा आहे त्यांना कर्जमाफीचा मार्ग सर्वस्वी पटतोच असे नाही. तिच्यामुळे परतफेडीची शिस्त सैल झाली असे अनेक जाणकारांचे मत आहे आणि ते आम्हांस पटते. त्याच वर्षी देशाची आर्थिक स्थिती ढासळत गेली, नोव्हेंबर १९९० मध्ये ते सरकार पडले आणि १९९१ च्या परकीय चलनाच्या संकटास पुढील सरकारांना सामोरे जावे लागले. थोर माणसाच्या चरित्रातही नावेची बाजू असते. ती झाकून केलेला गौरव आम्हांस उचित वाटत नाही, आणि स्वतः दंडवते यांनाही तो रुचला नसता, असे वाटते.

१९९१ च्या निवडणुकीत राजापूरमध्ये त्यांचा पराभव झाला. ज्या रेल्वेसाठी त्यांनी जिवाचे रान केले, तिचे काम मतदारसंघात नुकतेच सुरू झालेले होते. आम्ही तेव्हा नोकरीस नवे होतो. उपकाराची परतफेड अशीच होते, असे लोक चौकात बोलत. पण दंडवते यांनी मतदारांना कृतघ्न म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. १९९६ ते १९९८ या काळात ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. मोठमोठी पदे भूषवूनही त्यांच्या चारित्र्यावर डाग पडला नाही, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य केले.

आता दुसरी गोष्ट, देहाची.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत कर्करोगाने त्यांचे निधन झाले. प्रमिलाताई त्यापूर्वीच गेल्या होत्या. दोनदा केंद्रीय मंत्री झालेल्या पुढाऱ्याच्या अंत्ययात्रेची आपल्याकडे एक ठरलेली रीत असते, आणि कालांतराने त्या जागी समाधीही उभी राहते. दंडवते यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयास देण्यात आला. सर जमशेटजी जीजीभॉय या दानशूर गृहस्थाच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभे राहिलेले हे रुग्णालय. तेथील वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून चालू आहे. आयुष्याची उमेदीची वर्षे वर्गात शिकविण्यात घालविलेला प्राध्यापक अखेरीस पुन्हा विद्यार्थ्यांच्या स्वाधीन झाला.

या प्रसंगात एक बाब सहसा नजरेआड होते. इच्छा त्यांची होती, पण ती पूर्ण करणारे हात कुटुंबीयांचे होते. माणूस गेल्यावर तो स्वतः काहीच करू शकत नाही. दुःखाच्या त्या घडीला घरच्यांनीच दूरध्वनी करावा लागतो, कागदांवर सह्या कराव्या लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात.

येथे आम्हांस आमची चूक सांगितली पाहिजे. आपल्या गावातील एका निवृत्त शिक्षकांनी देहदानाचा अर्ज आमच्या कार्यालयातून नेऊन, भरून, त्याची एक प्रत आमच्याकडे ठेवावयास दिली होती. आम्ही ती फाईलला लावून कपाटात ठेवली. काही वर्षांनी त्यांचे आपल्याच रुग्णालयात पहाटे निधन झाले. मुले परगावाहून आली. आम्ही अर्जाची प्रत काढून त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा त्यांच्या मुखावर जे उमटले ते आम्ही विसरलेलो नाही. त्यांना याची काहीच कल्पना नव्हती. थोरला मुलगा शांतपणे म्हणाला, "साहेब, हे तुम्ही आम्हांला बाबा असताना का नाही सांगितलंत?" त्यांनी विधिवत अंत्यसंस्कार केले. तो त्यांचा अधिकार होता आणि त्यांना बोल लावण्याचा विचारही आमच्या मनात आला नाही. दोष आमच्या कपाटाचा होता. सरांनी विश्वासाने दिलेली ठेव आम्ही सांभाळली, पण ज्यांच्याकडून ती वठणार होती त्यांच्यापर्यंत कधी पोहोचविलीच नाही.

म्हणून यंदापासून आम्ही रीत बदलली आहे. देहदानाचा अर्ज मागणाऱ्या व्यक्तीस आम्ही घरातील किमान एका जवळच्या नातेवाइकासह येण्याची विनंती करतो. अर्जावर साक्षीदारांच्या सह्या लागतातच, पण सहीपेक्षा घरातील बोलणे अधिक मोलाचे आहे. रक्ताच्या नात्यातील मंडळींनी त्या घडीला नकार दिल्यास महाविद्यालय देह स्वीकारीत नाही.

जाणून घ्याव्यात अशा आणखी काही गोष्टी आहेत. निधनानंतर शक्य तितक्या लवकर महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागास कळवावे लागते. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला बरोबर असावा लागतो. अपघाती किंवा संशयास्पद मृत्यूत, शवविच्छेदन झालेले असल्यास, तसेच काही संसर्गजन्य आजारांत देह स्वीकारला जात नाही. तेव्हा नकार आला तर घरच्यांनी अपमान मानू नये. नेत्रदान करावयाचे असेल तर ते सहा तासांच्या आत व्हावे लागते आणि नेत्रदानानंतरही देहदान करता येते. पूर्वी अर्ज भरलेला नसला तरी नातेवाइकांची संमती असल्यास देहदान होऊ शकते.

पूर्वी आपल्याकडील मंडळी म्हणत, इच्छा आहे, पण देह मुंबईस किंवा कोल्हापुरास नेणार कोण? ती अडचण खरी होती. आता सिंधुदुर्गनगरी येथे २०२१ मध्ये आणि रत्नागिरी येथे २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. कोकणातील मुले कोकणातच डॉक्टर होऊ लागली आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मानवी शरीर ज्या टेबलावर शिकावयाचे असते, तेथे देह कोणीतरी दिलेला असावा लागतो. तो बाजारात मिळत नाही आणि कोणत्याही अनुदानातून विकत घेता येत नाही. उद्या आपल्या नातवंडांची शस्त्रक्रिया करणारा हात आज कोणाच्या तरी देहावर शिकत असेल.

श्रोतेहो, सुरुवातीस विश्वस्तांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. दंडवते यांना सार्वजनिक जीवनाने जे दिले, त्याचा हिशेब त्यांनी दोन प्रकारे चुकता केला. अधिकार हाती असताना त्यांनी तो फळीवर झोपणाऱ्या माणसासाठी वापरला. अधिकार, पद आणि अखेरीस श्वासही संपला, तेव्हा उरलेला देहसुद्धा त्यांनी समाजाच्या खाती जमा केला. शिल्लक शून्य दाखविणारा जमाखर्च व्यापारात तोट्याचा समजतात. धर्मादाय संस्थेत मात्र तो चोख समजला जातो.

आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. देणगीदारांनी यंदा आपल्या देणगीतील थोडा भाग जेथे नाव लागत नाही अशा वस्तूंसाठी द्यावा. गाद्या, चादरी, खाटांच्या कडेचे कठडे आणि रात्री सोबतीस राहणाऱ्या नातेवाइकांसाठी बाके, अशी यादी अहवालाच्या अखेरीस दिली आहे. दुसरी विनंती येथे जमलेल्या सर्व कुटुंबांना. देहदान करावे किंवा न करावे, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि दोन्ही निर्णयांचा आम्ही सारखाच आदर करतो. पण आपल्या घरातील वडीलधाऱ्यांची इच्छा काय आहे, हे ते असताना त्यांना एकदा विचारा. त्या शिक्षकांच्या मुलाने आम्हांस विचारलेला प्रश्न पुन्हा कोणास विचारावा लागू नये.